करप्रचित फळ आणि आजचे बालक

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांत आहाराचे स्थान पहिले, हे आपणां वैद्यबंधू-भगिनींना नव्याने सांगावयास नको. परंतु हा पहिला उपस्तंभ बालकाच्या ठायी कोठे आणि कोणाच्या हातून उभा राहतो, याचा विचार आपल्या चर्चासत्रांतून क्वचितच होतो. बालरोगांवरील कल्पांची चर्चा आपण आवडीने करतो. बालकाने जे खावयाचे त्याच्याशी त्याची ओळख कशी व्हावी, हा विषय मात्र आई-आजीवर सोपवून मोकळे होतो. आजची आई नोकरीत गुंतलेली असते आणि आजी अनेकदा दुसऱ्या गावी असते. म्हणून वरकरणी किरकोळ वाटणारा एक विषय आम्ही येथे मांडू इच्छितो. तो म्हणजे लहान मुलांना फळबागेत नेऊन त्यांच्या स्वतःच्या हातांनी फळे तोडू देणे.

गेल्या काही वर्षांत ही प्रथा आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. महाबळेश्वर, पाचगणी, भिलार या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत पर्यटक कुटुंबे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत उतरून फळे तोडतात व वजनावर विकत घेतात. नाशिककडे द्राक्षबागा, डहाणू-घोलवडकडे चिकूच्या वाड्या आणि कोकणात आंब्याच्या बागा पाहण्यास शाळांच्या सहली जातात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आणि शेतकऱ्याच्या बांधावर पाहुणा येणे ही एक मान्य अशी जोडमिळकत ठरली. हे सर्व स्वागतार्ह आहे.

अशा सहलीपूर्वी पालक आपल्याला प्रश्न विचारतात. “मुलाला स्ट्रॉबेरी तोडायला नेतोय, खाल्ली तर चालेल ना? सर्दी तर होणार नाही?” यावर दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. एक, “आंबट आहे, कफ होईल, नेऊच नका.” दुसरे, “फळच तर आहे, खाऊ द्या पोटभर.” आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. मुलांना बागेत अवश्य न्यावे, किंबहुना वैद्याने स्वतः होऊन तसे सुचवावे. परंतु ते विधिपूर्वक व्हावे, असे आमचे मत आहे. कारण काळ आणि मात्रा या आहारातील दोन गोष्टी बालकास जितक्या सहजपणे फळाच्या झाडापाशी समजतात तितक्या अन्यत्र कोठेही समजत नाहीत.

शास्त्राचा आधार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायाचा तिसरा पाद ‘करप्रचितीय’ या नावाने ओळखला जातो. करप्रचित म्हणजे हाताने तोडलेली, वेचून घेतलेली. आमलकीची फळे कशी घ्यावीत हे सांगताना आचार्यांनी वापरलेल्या या पहिल्याच शब्दावरून संपूर्ण पादाचे नाव पडले. याच पादातील केवलामलक रसायनाचा विधी आठवून पाहा. साधकाने वर्षभर गायींच्या सहवासात केवळ दुधावर राहावे. पौष, माघ किंवा फाल्गुनाच्या पौर्णिमेस, तीन दिवसांच्या उपवासानंतर, आमलकीच्या वनात प्रवेश करावा. मोठ्या फळांनी लगडलेल्या वृक्षावर चढून फांदीवरील फळ हाताने धरावे आणि मगच ते सेवन करावे. हा विधी जितेंद्रिय प्रौढासाठी आहे, बालकासाठी नव्हे, हे उघड आहे. परंतु त्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी प्रतीक्षा, मग योग्य मास, मग झाडापर्यंत जाणे, मग हात आणि सर्वांत शेवटी मुख. आज आपल्या मुलांच्या बाबतीत या क्रमातील पहिल्या चारही पायऱ्या गळून गेल्या आहेत आणि केवळ मुख उरले आहे.

काश्यपसंहितेने तर बालकाच्या आहारक्रमात फळास फार वरचे स्थान दिले आहे. सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि अन्नप्राशन त्यानंतर, दात आल्यावर, दहाव्या महिन्यात, असा क्रम तेथे सांगितला आहे. म्हणजे मातेच्या दुधानंतर बालकाची बाह्य सृष्टीशी जिभेने होणारी पहिली ओळख फळाच्या द्वारे व्हावी, अशी काश्यपांची योजना आहे. फलप्राशनाचा तो संस्कार पुढे वर्षावर्षाने वाढवत नेणे आणि जिभेच्या ओळखीला डोळ्यांची, नाकाची व हाताची ओळख जोडून देणे हे त्या योजनेचेच पुढचे पाऊल होय, असे आम्हांस वाटते.

काळापासून तुटलेले फळ

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायात फळे पक्व असतानाच गुणवान असतात, असे सांगून बिल्वाचा अपवाद केला आहे. त्याच ठिकाणी वर्ज्य फळांची यादीही दिली आहे. रोगट, किडलेले, पाक उलटून गेलेले, अकाली आलेले आणि पूर्ण तयार न झालेले अशी ती पाच फळे होत. विद्यार्थिदशेत आपण ही यादी पाठ केली. परंतु आजच्या शहरातील सहा वर्षांच्या मुलाला या पाचांपैकी एकही प्रकार ओळखता येत नाही. त्याच्यासमोर येणारे फळ निवडलेले, पुसलेले आणि कित्येकदा चकाकी आणणाऱ्या मेणाचा लेप दिलेले असते. अकाली म्हणजे काय हे तर त्याला कळणेच कठीण, कारण दुकानात सर्व फळे सर्व काळ असतात. सफरचंद वैशाखातही मिळते आणि द्राक्षे श्रावणातही दिसतात.

यापुढची पायरी खोक्यातील रसाची. फळास काही ना काही ऋतू तरी आहे. खोक्यास तोही नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील बालकास फळांचा रस, मग तो ताजा असो वा डबाबंद, देऊ नये असे म्हटले आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसाला १२५ मिलिलिटर ही कमाल मर्यादा घातली आहे. जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वेष्टनावरील ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचे निर्देश उत्पादकांना दिले. तरीही शाळेच्या डब्याशेजारी ते खोके असतेच आणि “आमचा मुलगा फळांना हात लावत नाही हो, ज्यूस मात्र आवडीने पितो” ही तक्रार आपल्या चिकित्सालयात रोज ऐकू येते. त्या वाक्यातील ‘हात लावत नाही’ हे शब्द आम्हांस फार बोलके वाटतात. ज्याला हातच लागला नाही ते जिभेला परके वाटणारच.

आपल्या परंपरेत फळाला हात लावण्याचे कितीतरी प्रसंग होते. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत घरोघरी होणारे बोरन्हाण घ्या. पाच वर्षांच्या आतील बालकाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा ओतावयाचा आणि जमलेल्या मुलांनी ते लुटावयाचे. बोराचा ऋतू, उसाचा ऋतू, ओल्या हरभऱ्याचा ऋतू, सारे एका मुठीत. हा आपला घरातल्या घरात होणारा फळे वेचण्याचा सोहळाच होता. आज अनेक घरांत त्या ताटात चॉकलेट आणि बिस्किटांच्या पुड्या असतात. सोहळा राहिला, ऋतू गेला. कार्तिकातील आवळीभोजन, वैशाखातील करवंदांच्या जाळ्या, ज्येष्ठातील जांभळाखालचा सडा यांचीही तीच गत आहे. बागेतील फळतोडणी ही या सर्वांची जागा पूर्णपणे घेऊ शकणार नाही. परंतु तुटलेला धागा जोडण्याची आज हाताशी असलेली ती एक संधी आहे.

बाग काय शिकविते

स्ट्रॉबेरीचेच उदाहरण घेऊ. रोप वीतभर उंचीचे, गादीवाफ्यावर लावलेले, खाली प्लास्टिकचे आच्छादन. मोठ्या माणसाला वाकावे लागते. चार वर्षांचे मूल मात्र उकिडवे बसले की फळ थेट त्याच्या डोळ्यांसमोर येते. एकाच रोपावर फूल, हिरवे फळ, पांढुरके फळ, अर्धे लाल आणि पूर्ण लाल फळ एकाच वेळी दिसते. पाकक्रियेच्या सर्व अवस्था इतक्या जवळून आणि एकत्र दाखविणारी दुसरी शाळा आम्हांस ठाऊक नाही.

शेतकरी मुलांना दाखवितो की फळ ओढावयाचे नाही. देठ अंगठा व बोट यांच्या चिमटीत धरून नखाने खुडावयाचा. ओढले तर फळ चेंगरते किंवा झुपका हलतो आणि शेजारची फुले गळतात. पाचगणीजवळील एका शेतात आम्ही पाहिले की, पाच-सहा वर्षांच्या मुलीने घाईने पांढऱ्या खांद्याचे फळ तोडले आणि तोंड वेडेवाकडे करून ते वडिलांच्या हाती दिले. शेतातील मावशी तिला म्हणाल्या, “बाळ, ते दोन दिवस थांबलं असतं तर गोड झालं असतं. आता नाही व्हायचं.” त्यानंतर ती मुलगी प्रत्येक फळ मागून वळवून पाहू लागली. आम-पक्वाचा भेद समजावण्यास याहून अधिक शब्द खर्चण्याची आवश्यकता नव्हती.

त्या मावशींच्या बोलण्यात वनस्पतिशास्त्रही आहे. स्ट्रॉबेरी आणि द्राक्षे ही फळे वेलीवरून वा रोपावरून तुटली की पुढे गोड होत नाहीत. आंबा, चिकू, केळे ही फळे मात्र पूर्ण वाढ झाल्यावर काढली तर घरी आणून पिकतात. म्हणून पहिल्या प्रकारच्या बागेत मूल तोडण्यापूर्वी थांबावयास शिकते आणि दुसऱ्या प्रकारच्या बागेत तोडल्यानंतर. चिकू झाडावरून काढला तेव्हा टणक व चिकाने भरलेला असतो. तो घरी आणून चार-सहा दिवस रोज हाताळून पाहावा लागतो. झेल्याने उतरवलेला आंबा आढीत ठेवून वाट पाहावी लागते. ज्या व्यापाऱ्यास ही वाट पाहावयाची नसते तो कॅल्शियम कार्बाइडकडे वळतो, ज्याचा फळे पिकविण्यासाठी वापर करण्यास कायद्याने बंदी आहे. आढीचा आंबा आणि कार्बाइडचा आंबा यांतील भेद मुलाला एकदा वासाने कळला तर पुढील आयुष्यात त्याला फसविणे कठीण जाईल.

अष्ट आयतनांच्या कसोटीवर

येथपर्यंत बागेत का न्यावे याचा विचार झाला. आता विधीचा. विमानस्थानात सांगितलेली आठ आहारविधिविशेषायतने ही या सहलीसाठी तयार असलेली मार्गदर्शिकाच आहे. त्यांतील ज्या आयतनांवर विशेष बोलण्याजोगे आहे, त्यांचाच आम्ही येथे विस्तार करतो.

प्रकृती : स्ट्रॉबेरी हे आपल्या संहितांत न आलेले फळ होय. अनुक्त द्रव्याची परीक्षा रसादींवरून करावी, ही आपली पद्धत. पूर्ण पिकलेले फळ मधुर-अम्ल आणि अपक्व फळ अम्लप्रधान, हे जिभेलाच कळते. काही बालकांत हे फळ खाल्ल्यावर ओठांभोवती लाली किंवा अंगावर शीतपित्तासारख्या गांधी उठतात. म्हणून प्रथमच खाणाऱ्या मुलास एकच फळ देऊन काही वेळ थांबावे. द्राक्षांबाबत असा संकोच करण्याचे कारण नाही. चरकाचार्यांनी फळांमध्ये मृद्वीकेस श्रेष्ठ म्हटले आहे. तरीही पाच वर्षांखालील मुलाच्या हाती अख्खे द्राक्ष देऊ नये. ते श्वासमार्गात अडकून प्राणावर बेतू शकते. त्याचे उभे तुकडे करूनच द्यावे. बोर, जांभूळ यांच्या बियांबाबतही हीच दक्षता घ्यावी आणि कोणतेही फळ मुलाने पळता-पळता खाऊ नये.

संयोग : बागेच्या दाराशीच क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी आणि दुधात घुसळलेले पेय विकले जाते. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात दुधाशी विरुद्ध असणाऱ्या फळांत बोर, जांभूळ, करवंद, दाडिम, आमलक यांची नावे येतात आणि अम्ल द्रव्यांचा दुधाशी विरोध सामान्यतः सांगितला आहे. पक्व व मधुर आम्र दुधाबरोबर घेण्यास अनेक वैद्यांची संमती आहे, हे आम्ही जाणतो. परंतु आंबटगोड स्ट्रॉबेरीस ती सवलत देता येत नाही. ज्या मुलाने स्वतः तोडलेले फळ नुसते खाऊन त्याचा स्वाद घेतला आहे, त्याला क्रीमची आठवणही होत नाही, हे आम्ही पाहिले आहे. संयोगाचा मोह बहुधा फळ फिके असते तेव्हाच होतो.

राशी : येथे खरी कसोटी लागते. “हवे तितके तोडा, हवे तितके खा” ही पाटी मोठ्यांनाही भुलविते. राशीचे सर्वग्रह आणि परिग्रह असे दोन भेद आपण जाणतोच. मुलाला सर्वग्रह समजावण्याचा सोपा उपाय म्हणजे त्याची स्वतःची ओंजळ. त्याच्या ओंजळीत मावतील तितकीच फळे त्याने बागेत खावीत. बाकी टोपलीत जमवावीत आणि घरी आल्यावर आजी-आजोबा, शेजारी यांना वाटावीत. ओंजळ मुलाबरोबर वाढते म्हणून हे माप कधी चुकत नाही. वाटून खाण्याने परिग्रहाचा लोभही आपोआप आटोक्यात येतो.

काळ : स्ट्रॉबेरीचा हंगाम साधारणतः नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे हेमंतापासून वसंतापर्यंत असतो. हेमंत-शिशिरात अग्नी बलवान आणि मधुर-अम्ल रस हितकर. वसंतात मात्र साचलेला कफ द्रवू लागतो आणि गुरू, अम्ल, स्निग्ध, मधुर वर्ज्य करावयास सांगितले आहे. त्यात बालवय स्वभावतःच कफप्रधान. म्हणून तेच फळ, तेच शेत, तेच मूल असूनही मार्गशीर्षातील सल्ला आणि चैत्रातील सल्ला वेगळा असला पाहिजे. “सर्दी होईल का?” या प्रश्नाचे खरे उत्तर “कोणत्या महिन्यात जाता?” या प्रतिप्रश्नात आहे. दिवसाचाही विचार करावा. डोंगरावरील दवाने भिजलेल्या पहाटे थंडगार फळ खाण्यापेक्षा ऊन वर आल्यावर, आधीचे अन्न पचून भूक लागल्यावर आणि जेवणापूर्वी खावे. सुश्रुतांनी दाडिमादी फळे भोजनाच्या आरंभी सांगितली आहेत. सहलीतील शेवटची गोड वस्तू म्हणून नव्हे.

देश, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता या आयतनांचा आशय वरील विवेचनात येऊन गेला. दोन वर्षांखालील क्षीरान्नाद बालकाने बाग पाहावी, फळाचा वास घ्यावा. खाण्याची घाई करू नये. तीन ते आठ हे या सहलीसाठी सर्वांत फलदायी वय होय, असा आमचा अनुभव आहे. आठांपैकी करण हे एकच आयतन आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे.

फवारणीचा प्रश्न

करण म्हणजे संस्कार. आज फळावर होणारा सर्वांत मोठा संस्कार अग्नीचा वा जलाचा नसून फवारणीचा आहे आणि मुलाचा हात त्या संस्कारापर्यंत थेट पोहोचतो. स्ट्रॉबेरी नाजूक सालीची, जमिनीलगत वाढणारी, बुरशीस लवकर बळी पडणारी; द्राक्षाचे पीकही ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत भुरी-करप्याच्या छायेत वाढते. फवारणीविना ही पिके घेणे बहुतेक शेतकऱ्यांना परवडत नाही. त्याला दोष देऊन चालणार नाही. परंतु डोळे मिटूनही चालणार नाही.

२०१० मध्ये युरोपात गेलेली आपली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे नाकारली गेली आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. निर्यातीच्या द्राक्षांच्या अंशतपासणीची शिस्त त्यानंतर अधिक कडक झाली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा या कामी देशाची संदर्भ प्रयोगशाळा आहे. देशांतर्गत विक्रीसाठीही कायद्याने अंशमर्यादा ठरविल्या आहेत. पण बांधावर तोडून तेथेच मुलाच्या तोंडात जाणाऱ्या फळापुढे कोणतीच प्रयोगशाळा उभी नसते. तेथे दोनच गोष्टी संरक्षण करतात. त्या म्हणजे पालकाचा प्रश्न आणि शेतकऱ्याचा खरेपणा.

म्हणून पालकाने निःसंकोच विचारावे, “या वाफ्यावर शेवटची फवारणी केव्हा झाली? कशाची? तिचा प्रतीक्षा काळ उलटला का?” प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे ते छापलेले असते, विषाची तीव्रता दाखविणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोणही असतो. चांगला बागायतदार फवारणीची नोंदवही ठेवतो आणि विचारल्यास दाखवितो. जो उडवाउडवी करील त्याच्या बागेत मुलांना फळे पाहू द्यावीत, खाऊ देऊ नयेत. फळे वाहत्या स्वच्छ पाण्याने धुतल्याशिवाय तोंडात घालू नयेत; अर्थात धुण्याने वरचा अंश कमी होतो, आंतरप्रवाही औषध मात्र फळाच्या आतच राहते, हेही पालकांस सांगावे. तोडणीनंतर मुलांचे हात साबणाने धुवावेत.

अल्पवीर्य असूनही देहात दीर्घकाळ राहून अवचित प्रकट होणाऱ्या दूषीविषाची संकल्पना आपल्या अगदतंत्रात आहे. कीटकनाशकांच्या अंशांना सरसकट दूषीविष म्हणून मोकळे होणे शास्त्रीय होणार नाही. परंतु अल्प मात्रेच्या विषाकडे दुर्लक्ष करू नये, ही आचार्यांची शिकवण येथे नक्कीच लागू पडते आणि देहभाराच्या मानाने अधिक फळ खाणाऱ्या बालकास ती सर्वांत आधी लागू पडते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, वैद्याचे काम चिकित्सेचे; सहली काढणे शिक्षकांनी पाहावे. आमचे उत्तर असे की, स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. आज पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनासाठी आपल्या दारी रांगा लागतात. पालक मेधा, बल, व्याधिक्षमत्व यांची चौकशी करतात आणि थेंब पाजून घेऊन जातात. हा उपक्रम चांगलाच आहे. परंतु त्याच रांगेतील मुलाच्या हातात रसाचे खोके असते आणि पेरू झाडाला लागतो की वेलीला, हे त्याला सांगता येत नाही. महिन्याला एक दिवस थेंब आणि उरलेले दिवस खोके, यातून कोणते बल निर्माण होणार? त्या रांगेतील पालकांना हंगामातील एका बागेचा पत्ता द्यावयास आपणांस दोन मिनिटेही लागणार नाहीत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. महाबळेश्वरची सहल सर्वांना परवडणारी नाही, हे खरेच. परंतु आमचा आग्रह स्ट्रॉबेरीचा नाही, हाताने तोडण्याचा आहे. गावोगावी बांधावर बोरी आहेत, आवळा आहे, चिंच आहे, देवळामागे जांभूळ आहे. आवळ्याची एक फांदी हाताशी आली तर अंगणवाडीतील वीस मुलांचा धडा पूर्ण होतो आणि तो धडा चरकाचार्यांच्या अधिक जवळचाही असतो.

तिसरा आक्षेप शेतकऱ्यांचा आहे आणि तो रास्त आहे. मुले वाफे तुडवितात, कच्ची फळे तोडून टाकतात. म्हणून आधीच ठरवून, लहान गटात, एकेका मुलामागे एक मोठे माणूस ठेवून जावे; तोडलेले प्रत्येक फळ, कच्चे असो वा पक्के, वजनात धरावे. आपल्या चुकीचे मोल द्यावे लागते, हे मुलालाही कळू द्यावे. ज्या स्त्रिया पहाटेपासून वाकून फळे तोडतात त्यांची ओळख करून घ्यावी, त्यांना नमस्कार करावा. तासभर गंमत म्हणून केलेले काम कोणाचे तरी दिवसभराचे पोट आहे, हे कळल्यावर मूल फळ टाकून देत नाही.

संघटनेस विनंती

आमची सूचना साधी आहे. संघटनेच्या प्रत्येक शाखेने पौष-माघात एक दिवस ठरवावा, जवळची एखादी आवळ्याची, बोरांची किंवा पेरूची बाग निवडावी, बागायतदाराकडून फवारणीची माहिती आगाऊ घ्यावी आणि परिसरातील अंगणवाडीतील मुले व त्यांचे पालक यांना तेथे न्यावे. व्याख्यान नको, फलक नको. प्रत्येक मुलाला एक फळ शोधू द्यावे, वास घेऊ द्यावा, तोडू द्यावे, धुऊ द्यावे आणि सावकाश खाऊ द्यावे. सुश्रुतांची पाच वर्ज्य फळे झाडाखालीच वेचून पालकांना दाखवावीत. एवढे झाले तरी पुरे.

तसेच बालरुग्णाच्या पथ्यपत्रिकेवर ‘फळे खावीत’ एवढेच न लिहिता कोणत्या महिन्यात कोणते फळ, किती ओंजळ आणि कोणत्या वेळी, हे लिहिण्याची सवय आपण लावून घ्यावी. त्याखाली आणखी एक ओळ असावी : शक्य तेव्हा मुलाने ते स्वतःच्या हाताने तोडावे. वैद्याने लिहिलेली ही एक ओळ पालक मनावर घेतात, हा आमचा अनुभव आहे. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.